ओटीतले टू बाय टू

आईच्या लोखंडी कपाटातला सगळ्यात खालचा कप्पा ब्लाऊजपिसांचा. ओटीत आलेली, वाणात आलेली, कुणाच्या वास्तुशांतीला नारळाबरोबर हातात पडलेली. ही पिसं सहसा शिवली जात नाहीत. घडी न मोडता पुढच्या घरी जातात, तिथून आणखी पुढे. एक शेवाळी पीस चार वर्षांनी फिरून आमच्याकडेच परत आलं होतं आणि कोपऱ्यातल्या शाईच्या ठिपक्यावरून आईने ते ओळखलं होतं. त्यातली बरीचशी टू बाय टूची. उभं-आडवं दोन्हीकडे दोन पदरी सूत, घट्ट वीण. आई पस्तीस वर्षं घरी फॉल-पिको करते. कापड तिला बोटांनी कळतं.

२०२० च्या एप्रिलअखेर तो कप्पा रिकामा झाला.

माझी धाकटी बहीण परिचारिका आहे. ९ मार्चला, होळीच्या दिवशी, दुबईहून परतलेल्या पुण्यातल्या दांपत्याला लागण झाल्याची बातमी आली. राज्यातले ते पहिले रुग्ण, नायडू रुग्णालयात दाखल केलेले. आम्ही पुरणपोळीच्या ताटावर बसलो होतो. धाकटी जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, "उद्या सावित्रीबाईंचा स्मृतिदिन." नर्सिंगला असताना त्या सगळ्या जणी दर १० मार्चला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालायच्या. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याचं एक आजारी पोर पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात पोचल्या, पोर वाचलं आणि त्या गेल्या, ही हकिकत आपण शाळेपासून ऐकतो. त्या वेळी त्यांच्या तोंडावर काय होतं, पदर तरी होता का, हा प्रश्न मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा पडला.

पुण्याला मास्क नवीन नव्हता, हे इथे सांगायला हवं. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो याच शहरात, एका शाळकरी मुलीचा. नायडूच्या बाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या, शाळा-कॉलेजं बंद झाली होती आणि औषधांच्या दुकानांतून मास्क दोन दिवसांत दिसेनासे झाले होते. मी तेव्हा कॉलेजात होते. मुली गाडीवर स्कार्फ गुंडाळायच्याच, तो आता बसमध्येही तसाच राहू लागला. बाकीच्यांनी हातरुमालाची त्रिकोणी घडी मागे बांधली. आईने फॉलच्या उरलेल्या कापडाचे चार मास्क शिवून आम्हाला दिले होते. पुढे साथ ओसरली आणि ते चारही मास्क शिलाई मशीनच्या खणात बॉबिनींखाली गेले. अकरा वर्षांनी ते तिथेच सापडले. एवढं पाहिलेल्या शहरात, एवढं पाहिलेल्या देशात, पुढच्या वेळेसाठी कुणीतरी गोदामात खोकी भरून ठेवायला हवी होती. हे मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

मार्चच्या मध्यावर धाकटीचा फोन आला. ती रुग्णालयाच्या वसतिगृहात राहायला गेली होती. प्रत्येकीला एक एन-९५ मिळाला होता आणि तो पाच दिवस पुरवायचा होता. "ताई, बाहेर कुठे मिळतात का बघशील?" ती सहसा काही मागत नाही, म्हणून ते वाक्य माझ्या कानात राहिलं.

कर्वे रस्त्यावरची आठ मेडिकल पालथी घातली. एका ठिकाणी काउंटरवरच कागद चिकटवला होता: 'मास्क व सॅनिटायझर शिल्लक नाहीत.' सदाशिव पेठेत औषधांचा घाऊक बाजार आहे, तिथे गेले. खोकी होती ती सलाइनची, डायपरची. एक वयस्कर दुकानदार मला म्हणाले, "अहो ताई, डॉक्टर लोक स्वतः येऊन परत जातायत." त्यांच्या आवाजात मला खरंच वाईट वाटल्याचं जाणवलं. बाहेर पडले तेव्हा फुटपाथवर एक मुलगा दोरीला मास्क टांगून विकत होता, काळे, पातळ, उशीच्या अभ्र्याच्या कापडाचे, साठ रुपयांना एक.

जगातले जवळपास निम्मे मास्क चीनमध्ये बनायचे आणि जानेवारीपासून चीनलाच ते पुरत नव्हते. आपल्याकडे ३१ जानेवारीला निर्यात थांबवली, आठवड्याभरात ती सैल केली, १९ मार्चला पुन्हा आवळली. १३ मार्चला मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली आले. २१ मार्चला दर ठरले: दोन पदरी मास्क ८ रुपये, तीन पदरी १० रुपये. एन-९५ चा त्या यादीत उल्लेखच नव्हता. आणि ज्यांचे दर ठरले, ते त्या दराने मिळत तरी कुठे होते? फेब्रुवारीत निर्यात सैल झाली, त्या दिवसांत देशाबाहेर गेलेल्या खोक्यांचा विचार मी आजही करते.

शेवटी ओळखीच्या ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. तो स्कूटरवरून म्हात्रे पुलाजवळ आला. दहा मास्क, दोन हजार आठशे रुपये. पाकिटावर एन-९५ असं छापलेलं होतं. मी पैसे मोजून दिले आणि घरी येईपर्यंत ती पिशवी छातीशी धरून ठेवली.

त्या शनिवारी धाकटी घरी आली. तिने एक मास्क हातात घेतला, वाकवला, उजेडासमोर धरला. मग आईची कात्री मागितली आणि मधोमध कापला. आत दोनच पदर निघाले, दोन्ही सारखे, साडीच्या दुकानात मिळणाऱ्या न विणलेल्या पिशव्यांचं असतं तसलं कापड. "मधला पदर कुठाय?" ती स्वतःशीच म्हणाली. दुसरा कापला, तिसरा कापला. मग कात्री खाली ठेवली. "हा लावून मी पेशंटजवळ उभी राहिले असते." आई आत निघून गेली. मी त्या माणसाला पुन्हा पुन्हा फोन लावला, तो बंद होता. पैसे गेल्याचं दुःख मला झालं नाही. माझ्याच हाताने मी तिला ते आणून दिलं होतं, आणि तिने कात्री मागितली नसती तर?

तो मधला पदर म्हणजे नेमकं काय, हे त्या रात्री तिने मला समजावलं. पॉलीप्रॉपिलीन वितळवून, गरम हवेच्या झोताने फुंकून त्याचे केसापेक्षा कितीतरी बारीक तंतू करतात आणि त्यांची गादी जमवतात. मग तिला विद्युतभार देतात. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, तसे ते तंतू हवेतले कण स्वतःकडे ओढतात. म्हणून श्वास कोंडत नाही आणि तरीही ०.३ मायक्रॉनचे शंभरातले किमान पंच्याण्णव कण अडतात. नावातला पंच्याण्णव तो हा. पदराला असा भार देण्याची एक पद्धत तैवानमध्ये जन्मलेल्या पीटर त्साय यांची. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात ते शिकवायचे. निवृत्त झाले होते, पण २०२० मध्ये वापरलेले मास्क निर्जंतुक कसे करता येतील, हे शोधायला पुन्हा कामाला लागले. असा पदर घरच्या मशीनवर शिवता येत नाही. आईने ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपल्याला, घरातल्यांना, तो लागतो का?"

"नाही ना, आई. तुम्ही पेशंटच्या तोंडाशी उभे राहत नाही. तुम्हाला कापडाचा पुरे. तुम्ही सगळ्यांनी कापडाचा लावलात तर चांगले आमच्यापर्यंत येतील."

पुढची दोन वर्षं मास्कबद्दल जे काही वाचलं, ऐकलं, त्यात मला या वाक्याइतकं काही पटलं नाही.

२५ मार्चला पाडवा होता आणि टाळेबंदीचा पहिला दिवस. साखरेच्या गाठी मिळाल्या नाहीत. आंब्याचा डहाळा सोसायटीतल्या झाडाचा, कडुनिंब वॉचमनदादांनी आणून दिला. गुढीला आईने कपाटातलं एक पिवळं टू बाय टू नेसवलं. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. संध्याकाळी गुढी उतरवल्यावर ते पीस तिने घडी करून ठेवलं नाही. जेवणाच्या टेबलावर पसरलं, वर्तमानपत्राचा बेतलेला नमुना त्यावर ठेवला आणि कात्री माझ्या हातात दिली. माझा हात अडखळला. "गुढीचं आहे गं."

"म्हणूनच. काप."

त्या रात्रीपासून आमचं घर म्हणजे एक कारखाना झाला. पिसं आधी गरम पाण्यात घालून आटवून घ्यायची, नाहीतर पहिल्या धुण्यात मास्क तोंडावरून वर सरकतो. मग इस्त्री, मग बेतणं. एका पिसातून तीन पदरी पाच निघायचे. तीन चुण्या, त्यांची तोंडं खालच्या बाजूला, म्हणजे धूळ साठत नाही. नाकावर बसण्यासाठी बाबांनी जुन्या वायरी सोलून तांब्याची तार काढली आणि तिची टोकं पक्कडीने वळवून बोथट केली. चौथ्या दिवशी इलॅस्टिक संपलं. बोहरी आळी बंद, रविवार पेठ बंद. आईने उरेब पट्ट्या कापून नाड्या केल्या. कानाला लावायच्या नाहीत, डोक्यामागे दोन गाठी. त्यांचा एक फायदा निघाला: कान दुखत नाहीत आणि मास्क गालांना नीट बसतो. मशीनचा चामड्याचा पट्टा एकदा तुटला, तो तारेने जोडला.

प्रत्येक कापड कापायच्या आधी आई ते ट्यूबलाइटकडे धरायची. उजेड आरपार दिसला तर बाजूला. बाबांचं जुनं मलमलचं धोतर मऊ म्हणून मी आणलं होतं, ते या परीक्षेत नापास झालं. पुढे आतल्या बाजूचा पदर म्हणून ते लागलं, गालाला मऊ.

३ एप्रिलला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने घरी केलेल्या मास्कबद्दल सूचना काढल्या. ८ एप्रिलला मुंबईत आणि त्याच सुमारास आमच्याकडेही मास्क सक्तीचा झाला. मग दाराची बेल वाजू लागली. दूधवाले, वॉचमनदादा, खालच्या मजल्यावरच्या आजी. कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंनी दोन मागितले, एक धुवायला आणि एक घालायला. सगळ्यांत शहाणी मागणी ती. ती ऐकल्यावर आईने प्रत्येकाला जोडी द्यायला सुरुवात केली. बचत गटांच्या बायका राज्यभर हेच काम करत होत्या, येरवड्याच्या कारागृहातले कैदी करत होते. मशीनच्या आवाजात कधी कधी मला वाटायचं, या घटकेला किती घरांत हाच आवाज चालू असेल.

रात्री झोप यायची नाही, तेव्हा मी मास्कचा इतिहास वाचत बसायचे. १९१० च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग पसरला. पेनांगमध्ये जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला एकतीस वर्षांचा डॉक्टर वू लिएन-तेह हार्बिनला पोचला. हा प्लेग श्वासातून पसरतो, हे त्याने सांगितलं आणि डॉक्टरांना, शिपायांना, प्रेतं उचलणाऱ्यांना एक साधी पट्टी बांधायला लावली. जाळीदार गॉजच्या पदरांत कापसाची गादी, टोकं डोक्यामागे बांधलेली. मेस्नी नावाच्या वयाने मोठ्या फ्रेंच डॉक्टरला त्याचं म्हणणं पटलं नाही. तो तसाच रुग्णांमध्ये गेला आणि काही दिवसांत प्लेगनेच वारला. त्यानंतर मात्र लोकांनी पट्ट्या बांधल्या. चार महिन्यांत साठ हजारांवर माणसं गेली आणि साथ थांबली. मी आईला वूच्या मास्कचं चित्र दाखवलं. तिने फोन जवळ घेतला, मोठं करून पाहिलं. "यानेही नाड्याच लावल्यात," ती म्हणाली आणि समाधानाने पुन्हा मशीनवर बसली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात समोरच्या इमारतीतले काका आले. दारापासून लांब, जिन्यातच उभे राहिले. त्यांचं भोसरी एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. हातात एक पांढरा पुठ्ठ्याचा डबा. "वहिनी, धाकटीला उपयोगी पडतील का बघा. ग्राइंडिंगला पोरं लावतात. युनिट बंदच आहे आता." डब्यात अठरा मास्क होते. महिनाभर मी वापरत होते तो शब्द मला तेव्हा नीट कळला. एन-९५ ही दवाखान्याची गोष्ट असं मी धरून चालले होते. ती मुळात धुळीत, धातूच्या कणांत, रंगाच्या फवाऱ्यात उभ्या राहणाऱ्या कामगाराचीही गोष्ट आहे.

आईने विचारलं, "पण भावजी, पोरं परत आली की त्यांना?"

"तेव्हा बघू. पोरं गावी गेलीत. आणि काकूला दमा आहे, तर तिच्यासाठी दोन ठेवलेत मी."

आईने त्यांना वीस कापडी मास्क दिले. काका नको नको म्हणत होते, तिने ते पायरीवर ठेवले आणि मागे सरकली. त्यांनी ते उचलले. मग एक डबा आमच्याकडे आणि एक पिशवी त्यांच्याकडे, असं दोन्ही दारं बंद झाली.

धाकटीने यातलाही एक कापला. तीन-चार पदर निघाले आणि मधोमध तो फुगीर, पांढरा, बोटांना कापसासारखा लागणारा पदर. तिने फोनवर मला त्याचा फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलं नाही. आई तो फोटो बराच वेळ बघत राहिली.

त्या मास्कना पुढे झडप होती. श्वास आत घेताना गाळला जातो, बाहेर पडताना मात्र झडपेतून सरळ निघतो. घालणारा वाचतो, समोरच्याचं काय? धाकटी त्यावर तीन पदरी साधा मास्क बांधायची. "माझ्या श्वासाने पेशंट आजारी पडला तर मग मी तिथे कशाला?" जुलैत केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने झडपेच्या मास्कबद्दल राज्यांना पत्र पाठवलं, तेव्हा तिचं म्हणणं मला छापलेलं दिसलं.

सतरा मास्क तिने आपल्या वॉर्डातल्या आणखी दोघींबरोबर वाटून घेतले. तिच्या वाट्याला पाच. पाच कागदी पाकिटं, त्यांवर एक ते पाच आकडे. आज एक नंबर, उद्या दोन. सहाव्या दिवशी पुन्हा एक. मधल्या दिवसांत पाकिटात राहून विषाणू मरतो. प्लास्टिकची पिशवी चालत नाही, ओल धरते. लावल्यावर दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. कडेने हवा लागली तर पुन्हा बसवायचा. चष्म्यावर वाफ आली तर नाकाशी फट आहे. आठ तासांनी काढला की नाकाच्या दांडीवर खोल वळ. ती सुट्टीच्या आठवड्यात घरी यायची आणि मागच्या खोलीत एकटी राहायची, तेव्हा खिडकीतून तो वळ दिसायचा. कधी लाल, कधी सोललेला.

मेमध्ये एक दिवस बाबा सकाळी लवकर उठले. धाकटी झोपली होती. तिच्या खोलीबाहेरच्या खुर्चीवर तीन नंबरचं पाकीट होतं. लेकीचा मास्क घामाने पिवळट झालेला त्यांना दिसला. त्यांनी तो कोमट पाण्यात साबण घालून हळूच चोळला, तीन पाण्यांतून काढला, दोरीवर चिमट्याने लावला. मग हात धुऊन चहा ठेवला. बाबांना मधुमेह आहे, अडुसष्ट वर्षांचे. पाकिटाला हात लावायचा नाही हे त्यांना सांगितलेलं होतं. पण तिला स्वच्छ मास्क मिळावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

धाकटी उठली, दोरीकडे पाहिलं. साबणाच्या पाण्याने त्या मधल्या पदराचा भार जातो. बाहेरून मास्क तसाच दिसतो, आत मात्र नुसती जाळी उरते. खिडकीच्या गजाला धरून ती रडली. मला वाटतं, ती त्या एका मास्कसाठी रडली नसावी. त्या आठवड्यात तिच्या वॉर्डात काय काय झालं होतं, ते तिने आम्हाला आजवर सांगितलेलं नाही. बाबा खोलीबाहेर उभे, हातात चहाचा कप. "बाळा, मला माहीत नव्हतं गं." तिने डोळे पुसले. "बाबा, तुम्ही आधी हात धुवा पुन्हा. वीस सेकंद." मग थोड्या वेळाने, "चहा द्या."

चारच पाकिटं घेऊन ती ड्युटीवर गेली. एकीने तिला आपल्यातला एक दिला.

जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसामान्यांसाठी तीन पदरी कापडी मास्कची शिफारस केली ती ५ जूनला. तोपर्यंत आईच्या वहीत तीनशेच्या आसपास आकडा गेला होता आणि कपाटाचा खालचा कप्पा एप्रिलमध्येच मोकळा झालेला होता. ऑक्टोबरमध्ये राज्याने दर बांधले: दोन पदरी ३ रुपये, तीन पदरी ४ रुपये, एन-९५ एकोणीस ते एकोणपन्नास रुपयांच्या दरम्यान. मी मार्चमध्ये खोट्या मास्कला मोजलेले दोनशे ऐंशी आठवले. काकांचं युनिट सुरू झालं होतं. मी मेडिकलमधून वीस एन-९५ घेतले, पावती घेतली, एक कापून पाहिला आणि उरलेले एकोणीस त्यांच्या दारात ठेवून आले.

पुढचं सगळं, दुसरी लाट, ऑक्सिजन, याबद्दल मी इथे लिहिणार नाही. ते लिहायची माझी तयारी अजून नाही.

२०२२ च्या पाडव्याला, २ एप्रिलपासून, राज्यातली मास्कची सक्ती उठली. धाकटी सकाळच्या ड्युटीवर होती, ती दुपारी येणार होती. काकू दमल्या तरी तीन जिने चढून आल्या आणि आईची ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि एक केशरी पीस. पहिल्यांदाच दोघी एकमेकींसमोर उघड्या चेहऱ्यांनी बसल्या होत्या. काकूंच्या वरच्या ओठाजवळ एक तीळ आहे, तो मी दोन वर्षांत विसरले होते.

काकू गेल्यावर आईने पिसाची घडी उघडली. बोटांत चुरून पाहिलं, मग खिडकीशी गेली आणि दोन्ही हातांनी ते उजेडासमोर धरलं. बराच वेळ. "टू बाय टू आहे," ती म्हणाली, आणि मला गुढीची काठी आणायला सांगितली.